सातेरीप्रसाद गलबताच्या हिरव्या पाण्याची हकीकत

श्री सागर समर्थ. नमन दर्यास, नमन दर्यात तरणाऱ्या लाकडास, आणि नमन त्या लाकडाच्या पोटात बसून धडधडणाऱ्या लोखंडास. तेल तेलाच्या जागी राहो, पाणी पाण्याच्या जागी राहो, आणि माणसाची अक्कल माणसाच्या जागी राहो, ऐसी प्रार्थना करून लिहावयास प्रारंभ केला. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, श्रावण शुद्ध पक्ष, नारळी पौर्णिमा तोंडावर आली असता जे वर्तमान घडले ते येणेप्रमाणे. संवत्सराचे नाव क्रोधी खरे, परंतु त्या दिवसांत राज्यात क्रोध थोडका आणि गोंधळ बहुत जाहला, हे आरंभीच सांगितलेले बरे.

समुद्राच्या काठी एक राज्य होते. त्याचे नाव लिहिणारास ठाऊक असून लिहीत नाही, कारण तेथील मंडळी हयात आहेत आणि त्यांस वाचता येते. राज्याचा विस्तार म्हणाल तर एक मासेमारीचे गलबत, नाव सातेरीप्रसाद, पुढच्या टोकास कोणी शिंकला तर मागच्या टोकास स्वच्छ ऐकू यावे एवढे. परंतु त्यावर रुबाब मोठ्या राज्याचा चाले. या राज्याचे धनी दाजी महाराज शिमग्याच्या सुमारास छातीच्या दुखण्याने कैलासवासी जाहले, आणि गादी त्यांच्या कुटुंबाकडे, आवडाबाईसाहेबांकडे आली. तेव्हापासून गलबत किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांखाली झाकलेले, आणि बाईसाहेब घरात. गलबताचा विषय निघाला की त्या उठून आत जात, आणि मग आतून भांड्यांचा आवाज येई, आणि मग विषय काढणारास आपली चूक कळे. अशात खाडीपलीकडच्या राज्याने वकील पाठविला की गलबत आम्हांस विकावे. हे वकील जेट्टीवर प्लास्टिकची खुर्ची टाकून, छत्री उघडून, पौर्णिमेपर्यंत उत्तराची वाट पाहात बसले, आणि त्यांचा डोळा गलबतापेक्षा आतल्या इंजिनावर होता हे सर्वांस दिसत होते.

या इंजिनाचे रक्षक जिवाजी यंत्रदार. दाजी महाराजांनी त्यांस पोरवयात इंजिनाच्या खोलीत उतरविले आणि जे शिकविले ते तेथेच शिकविले; इंजिनाचा खोकला कोणता आणि उचकी कोणती हे जिवाजींस नुसत्या आवाजावरून कळे. दुसरी विद्या त्यांस नव्हती आणि नकोही होती. गलबत विकले तर इंजीन खाडीपलीकडे जाईल, आणि मग आपण कोठले, कोणाचे, ऐसा घोर त्यांस लागला आणि अन्न गोड लागेनासे जाहले. मग त्यांनी मनाशी एक मसलत केली. हंगामाच्या आरंभी इंजिनात मानाचा ओतवा गलबताच्या धन्याने आपल्या हाताने घालावा, म्हणजे बाकीचे ऑइल आधी भरून ठेवावे आणि शेवटचे तांब्याभर धन्याने ओतावे, ऐसा या राज्याचा जुना रिवाज. दाजी नाहीत, तर बाईसाहेबांनी ओतावे. एकदा त्या गलबतावर चढल्या, एकदा इंजीन त्यांच्या हाताने धडधडले, की विकण्याची गोष्ट त्यांच्या तोंडून निघायची नाही, हा जिवाजींचा डाव. ते बाईसाहेबांच्या पायरीवर जाऊन बसले, आणि हो म्हणेपर्यंत उठले नाहीत. अखेर बाईसाहेब बोलिल्या, "येतंय. पण आयक. माज्या हातान इंजीन चलला तर ठेवया. नाय चलला तर इकून टाकूया, आणि मगे माका कोणी अडवूचा नाय." जिवाजींनी मान डोलविली, आणि हे बोलणे वाऱ्यासारखे जेट्टीपर्यंत गेले, आणि वकिलांनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

आता इंजिनाच्या दरबारचे मानकरी सांगितले पाहिजेत, नाहीतर वाचणारासही गोंधळ होईल, आणि गोंधळाचा वाटा पुढे सर्वांस मिळणारच आहे. मानकरी चार. पहिले डिझेल, जे आपण जळून गलबतास पुढे लोटते. दुसरे इंजीन ऑइल, जे लोखंडास लोखंड घासू देत नाही. हे मधल्या तोंडातून आत जाते. तिसरे गिअर ऑइल, जे गलबतास ढकलणाऱ्या पंख्याकडच्या पेटीत गुपचूप राहते. चौथे कूलंट, ज्यास गलबतावर सर्वजण हिरवे पाणी म्हणतात. हे पुढच्या टाकीत राहून इंजिनाचा ताप उतरविते. चौघेही कामाचे, चौघेही मानी, आणि एकाने दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकले की घराचा सत्यानाश. हिरवे पाणी ऑइलात शिरले तर ऑइल दुधाळते, त्याची चिकटाई जाते, आणि मग लोखंड लोखंडास खाते. म्हणोन चौघांचे चार डबे, डब्यांवर नावे, आणि इंजिनाच्या खोलीत फळीवर त्यांच्या ठरलेल्या जागा.

परंतु या राज्यात आणिक एक रिवाज होता, तो ऐसा की हंगामापूर्वी गलबतास जो रंग आणावा तो गलबतावरच संपवावा. उरलेला रंग घरी नेला तर दर्या त्या रंगाच्या मागोमाग घरात येतो, ऐसी समजूत. त्या साली तांडेल भिवाजी, म्हणजे या राज्याचे दर्यासारंग, यांनी निळा रंग हौसेने जास्तच आणिला. मग गलबताच्या दोन्ही कुशी निळ्या जाहल्या, आणि मग केबिन निळी जाहली, आणि मग नांगर, बालदी, बसायचे पाट, आणि देवीच्या तसबिरीची चौकटसुद्धा निळी जाहली, तरी रंग उरला. भिवाजी डोक्यास हात लावून बसले. "वाइच रंग उरलो हा. काय करूया?" तेव्हा खलाशी पास्कू, ज्यांस कोणतीही अडचण फार वेळ अडचण म्हणून पाहावत नसे, इंजिनाच्या खोलीत डोकावून बोलिले, "डबे आसत मा हंय! डबे रंगवया!" मग चारही डबे निळे जाहले. नावे गेली. चार सरदार एका पोशाखात एका फळीवर बसले, आणि पाहणाऱ्यांनी काय शोभा आली म्हणोन वाहवा केली. जिवाजींस कळले तेव्हा ते क्षणभर घुटमळले, परंतु मनात म्हणाले, नावे गेली तरी जागा आहेत, डावीकडून दुसरा तो ऑइलाचा. आणि या हिशेबात चूक नव्हती. चूक एवढीच की गलबताचे मुदपाकी नारबा, जे चूल आणि चहा पाहात, यांनी रंग ओला असता स्टोव्ह ठेवावयास जागा पाहिजे म्हणोन डबे इकडचे तिकडे केले होते, आणि ही बातमी त्यांनी कोणास दिली नाही, कारण डबे हलविले ही बातमी आहे ऐसे त्यांस वाटलेच नाही.

मग मुहूर्त आला. गलबत खाडीत उतरविले, झेंडूच्या माळा बांधिल्या, आणि बाईसाहेबांची स्वारी जेट्टीवर आली. पायरीवर त्या थबकल्या. भिवाजींनी हात पुढे केला, तो त्यांनी धरिला नाही. पदर खोचून आपल्या आपण चढल्या, आणि इंजिनाच्या खोलीत उतरल्या. तेथे दाजींचा जुना शर्ट खुंटीवर टांगलेला होता, तो जिवाजींनी मुद्दाम काढला नव्हता. बाईसाहेबांनी त्याकडे पाहिले. बाकीचे ऑइल रंगकामाआधीच भरलेले होते; जिवाजींनी मधल्या तोंडाचे झाकण काढून त्यात नरसाळे बसविले, फळीवरून डावीकडचा दुसरा डबा उचलून त्यांच्या हाती दिला, बोटाने नरसाळे दाखविले, आणि रिवाजाप्रमाणे सर्वांनी डोळे मिटून, हात जोडून दर्याचे नाव घेतले. ओतल्याचा आवाज आला. मग नारळ फुटला, आणि जिवाजींनी चावी फिरविली, आणि इंजीन एका दमात सुरू जाहले. वर सर्वांनी जयघोष केला. जेट्टीवर वकिलांचे तोंड उतरले. इतक्यात ऑइलाच्या दाबाची सुई थरथरली, वर गेली, खाली आली, आणि इंजिनाच्या आवाजात एक अनोळखी गुरगुर आली. जिवाजींनी तत्क्षणी इंजीन बंद केले. "चलला मा रे?" बाईसाहेबांनी विचारिले. "चलला, वयनी. बेस झाला. मुहूर्तापुरता चालवचा आसता, आता वाइच थंड होवक दिवया," ऐसे जिवाजी हसून बोलिले, परंतु ते हसणे त्यांस स्वतःसच पटले नाही. बाईसाहेबांनी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिले, आणि मग घरी गेल्या.

स्वारी वळणाआड गेल्यावर जिवाजींनी ऑइल मापायची पट्टी बाहेर काढिली. पट्टीवर काळे ऑइल असावे, तेथे दुधाचा चहा. वास घेतला तर वास ऑइलाचा, रंग चहाचा, आणि बोटांत धरिले तर ना धड तेल ना धड पाणी. ऑइलात पाणी शिरले हे उघड, परंतु कोठून शिरले? यास वाटा दोन. एक, कोणी चुकून हिरवे पाणी मधल्या तोंडात ओतले असेल; तर सर्व ऑइल काढून, आतून धुऊन, नवे भरले की झाले. दुसरी, इंजीन आतूनच फुटले असेल आणि टाकीतले पाणी चिरेतून ऑइलात उतरत असेल. तर इंजिनाचे माथे खोलावे लागेल, गलबत हंगामभर बसेल, आणि बाईसाहेब विकून टाकतील. कोठारात नवे ऑइल एकदा भरण्यापुरतेच होते. न कळता भरले आणि इंजीन फुटलेलेच निघाले, तर ते ऑइलही गेले आणि इंजीनही गेले. जिवाजींनी पुढची टाकी उघडून पाहिली तर आत हिरवे पाणी कमी. म्हणजे चिरेतून गेले, की मुळात कमीच भरले होते? डब्यांत किती उरले ते पाहावे म्हणोन फळीकडे वळले, तर फळीवर डबे रिकामे, आणि नारबा एका मोठ्या निळ्या डब्यावर झाकण लावीत होते. उरलेले कालवण एका टोपात काढून ठेवावे त्या सवयीने नारबांनी सर्व डब्यांतले उरलेसुरले एकत्र करून जागा स्वच्छ केली होती. जिवाजी फळीस टेकून उभे राहिले. तिकडे वर तोवर बातमी पोहोचली होती, आणि पाठोपाठ भीतीही पोहोचली होती, की चूक ओतण्यात झाली असेल तर ती बाईसाहेबांच्या हातून झाली, आणि हे त्यांच्या कानी गेले तर त्या अपशकून मानतील, आणि मग सर्व संपले.

मग राज्यातील मंडळींस स्वामिनिष्ठा अनावर जाहली. सर्वांआधी भिवाजी तांडेल खाली उतरले आणि छाती पुढे काढून बोलिले, "जिवा, चूक माजी. मिया डेक धुतलंय तेवा बालदीभर खारा पाणी आत गेला. घाल माज्या डोक्यार." जिवाजींनी विचार केला की खारे पाणी असेल तर प्रकरण तिसरेच, आणि ते पट्टीकडे पुन्हा पाहू लागले. एवढ्यात नारबा पुढे सरकले. "तांडेलांचा काय आयकू नको. चायची किटली कलंडली माज्या हातातसून. थंयच, त्या भोकात." जिवाजी म्हणाले, "नारबा, त्या भोकाक झाकण होता." नारबांनी झाकणाकडे पाहिले. "मगे झाकणातसून गेली," ऐसे बोलून त्यांनी मान खाली घातली, जणू झाकणातून चहा जाणे ही आपलीच हयगय. आणि पट्टीवरचा रंग चहाचाच असल्यामुळे जिवाजींस क्षणभर तेही खरे वाटले, इतकी त्यांची मती गुंग जाहली होती. मग पास्कू खाली आले. "मियाच वतलंय हिरवा पाणी थंय. सकाळी. अंधारात दिसला नाय." "सकाळी अंधार खंयचो?" "माज्या डोळ्यांपुडे अंधार इलो." जिवाजींनी हात जोडिले. "पास्कू, एकच सांग. पुडची टाकी तू भरलंस काय नाय?" "भरलंय." "मगे पाणी कमी कसा?" "म्हंजे नाय भरलंय." "एक काय ता सांग रे!" पास्कू फार कळकळीने बोलिले, "तुका खंयचा होया ता सांगतंय."

जिवाजी इंजिनाच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले. गलबतावरच्या जितक्या माणसांवर त्यांचा भरवसा, तितके सर्वजण एकाच वेळी खोटे बोलत होते, आणि सर्वजण चांगल्या मनाने बोलत होते, आणि त्या चांगुलपणात खरे कोठे पडले होते ते सापडत नव्हते. कोणास रागवावे तरी कसे? भिवाजी खारे पाणी म्हणतात, नारबा चहा म्हणतात, पास्कू हिरवे पाणी म्हणतात आणि नाहीही म्हणतात. हात टेकले. लिहिणारासही येथे कोण काय म्हणाला हे दोनदा विचारून घ्यावे लागले. फळीवर डबे, डब्यांत काही नाही, आणि मोठ्या डब्यात सगळेच. जेट्टीवर वकील खुर्चीवरून मान उंच करून इंजिनाच्या शांततेकडे कान लावून बसले होते. दाजींचा शर्ट खुंटीवर हलत होता. दाजी असते तर त्यांनी पट्टी चोखूनही सांगितले असते, ऐसे जिवाजींच्या मनात आले, आणि मग आले की हे खरे नाही, दाजीही विचारत असत. ज्याने केले त्याला सरळ विचारीत, आणि तो सरळ सांगे. ओतणारी एकच. तिला न विचारता जगाला विचारतो आहे. हे मनात येताच जिवाजी उठले आणि चिखलाने भरलेल्या पायांनी थेट बाईसाहेबांच्या घरी गेले.

बाईसाहेब पडवीत आडाळ्यावर नारळ खवत बसल्या होत्या, पौर्णिमेचा नारळीभात करावयाचा म्हणोन. जिवाजी पायरीवर उभे राहिले. बाईसाहेबांनी मान वर न करता विचारिले, "बिघाडला मा?" "नाय, वयनी. म्हंजे वाइच." "तुजा त्वांड सांगता वाइच नाय ता. बस हंय." जिवाजी बसले, उठले, पुन्हा बसले. "वयनी, तुमी वतलास तेवा तुमका काय गमला? डोळे मिटलेले होते तुमचे, माका ठावक आसा. पण हाताक जड लागला काय, वास काय इलो..." खवणे थांबले. बाईसाहेबांनी मान वर केली. "डोळे तुमचे मिटलेले होते, जिवा. माजे उघडे होते."

बाईसाहेब बोलिल्या, "हिरवा होता. मदल्या भोकात हिरवा गेला. मिया बघलंय." मग त्या बोलू लागल्या तेव्हा थांबल्या नाहीत. "तुज्या दाजींचे कपडे आयुष्यभर मिया धुतलंय. हिरवा लागला तर नुसत्या पाण्यान जाय. काळा लागला तर साबण सरलो तरी जायना. हिरवा पुडच्या टाकीत, काळा मदल्या भोकात, ह्या माका घरात बसान ठावक आसा. जेवताना दुसरा काय बोलत होते ते? भाताच्या घासाबरोबर इंजीन. माका वाटायचा, एकदा तरी भात बरो झालो म्हणतले." हे बोलताना त्या हसल्या, आणि हसताना डोळे भरले, आणि ते त्यांनी पुसले नाहीत. जिवाजी हळूच म्हणाले, "मगे थंय बोललात कित्याक नाय, वयनी?" "कशी बोलतलंय? बोट तू दाखवलंस. डबो तू दिलंस. तू त्येंच्या हाताखालचो. माका वाटला, आता नवी रीत झाली आसतली. आणि तुमी सगळे हात जोडून, डोळे मिटून उभे. मदीच बोललंय तर म्हणशात, हिका काय कळता. म्हणान गप रवलंय. घराक इलंय तेवापासून तोच घोर लागलो हा."

मग जिवाजींस काय वाटले ते काय लिहावे. इंजीन फुटले नाही, चिरले नाही, दुखणे हिरव्या पाण्याचेच, आणि त्यावर उपाय आहे, हे कळताच त्यांचे खांदे सैल पडले आणि ते पायरीवरच रडू लागले, आणि रडण्याची लाज वाटून आणिक रडले. परंतु त्यातच त्यांस बाईसाहेबांचा पण आठवला. ते म्हणाले, "वयनी, चूक माजी. डबो मिया दिलंय, जागा बघून दिलंय, आत काय ता बघलंय नाय. पण तुमी म्हटलेलास, तुमच्या हातान नाय चलला तर इकतलात. आता काय करतलात?" बाईसाहेबांनी उरलेली वाटी पुरी खवली, आडाळा बाजूस सारला, हात पदरास पुसले आणि उभ्या राहिल्या. "हात माजो बरोबर होतो, जिवा. त्वांड बंद होता, ता चुकला. चल. आता परत वततंय."

बाईसाहेब पुन्हा गलबतावर आल्या त्या आता कोणाच्या आग्रहाने नव्हे. वाटेत वकील खुर्चीवरून अर्धे उठले, त्यांस त्यांनी "बसा" म्हटले, आणि ते का बसले हे त्यांस कळले नाही. इंजिनाच्या खोलीत उतरून त्यांनी भिवाजी, नारबा आणि पास्कू यांस समोर उभे केले आणि विचारिले की कोणाकोणाच्या हातून काय सांडले. तिघांनी एकमेकांकडे पाहिले. "कोणाच्याच नाय, वयनी," ऐसे भिवाजी बोलिले. "नाय म्हणजे चाय खरीच सांडली होती," नारबा म्हणाले, "पण ती माज्या पायार." पास्कूंनी कबूल केले की पुढची टाकी त्यांनी अर्धीच भरली होती, कारण भरताना पोहे तयार असल्याची हाक आली. मग खालचा नट काढिला, आणि तळाशी बसलेले हिरवे पाणी आधी आले, आणि त्यामागून ते दुधाळ, आणि त्यामागून आणखी दुधाळ. रात्रभर थेंब थेंब उतरू दिले. पहाटे फिल्टर बदलला, आत डिझेल घालून इंजीन सुरू न करता नुसते फिरविले, आणि ते काढिले, आणि पुन्हा घातले आणि पुन्हा काढिले. किती वेळ ऐसे करावे यावर मंडळींत वाद जाहला, भिवाजी पुरे म्हणत आणि जिवाजी अजून म्हणत. बाईसाहेबांनी एक फडके बाहेर आलेल्या डिझेलात बुडवून स्वच्छ पाण्याच्या बालदीत पिळले, आणि खालच्या पाण्यात हिरवेपणाचा मागमूसही दिसेना तेव्हाच "आता पुरे" म्हटले, आणि वाद संपला. मग कोठारातले नवे ऑइल जिवाजींनी आधी ताटलीत ओतून सर्वांस दाखविले. काळपट सोनेरी. सर्वांनी माना हलविल्या. बाकीचे भरून झाले, पास्कूंनी पुढची टाकीही नव्या हिरव्या पाण्याने पुरी भरली, आणि मानाचा ओतवा राहिला.

पौर्णिमेच्या सकाळी बाईसाहेबांनी डबा हाती घेतला, आणि रिवाजाने मंडळींचे डोळे मिटू लागले, तेव्हा त्या थांबल्या. "उघडे ठेवा. सगळे बघा." सर्वांनी बघितले. ऑइल नरसाळ्यातून एक धार लावून उतरले, जिवाजींनीही बघितले, फक्त मधेच त्यांस नीट दिसेना, कारण डोळ्यांत पाणी आले होते, आणि ते पाणी हिरवे नव्हते ऐसे पास्कूंनी नंतर सांगितले. चावी फिरली. इंजीन एकदा खोकले, आणि मग घुमू लागले, सुई वर गेली आणि स्थिर राहिली. बाईसाहेब इंजिनाजवळ उभ्या राहिल्या, कान देऊन, बराच वेळ. कोणी जयघोष केला नाही. मग त्यांनी हाक मारिली, "तांडेलानु, रंग उरलो हा काय?" तळाशी थोडा उरलाच होता. बाईसाहेबांनी त्यात बोट बुडविले आणि पुढच्या टाकीच्या झाकणावर एक मोठा निळा ठिपका लावला, मग बाजूला काढून ठेवलेल्या हिरव्या पाण्याच्या डब्यावर तोच ठिपका, जुन्या निळ्यावर ताजा निळा, आणि म्हणाल्या की हा सुकल्यावर दिसणार नाही, म्हणोन त्यावर आडवी काळी रेघ कोणीतरी ओढा. आणि मग त्यांनी दाजींचा शर्ट खुंटीवरून काढिला, आणि सर्वांस वाटले आता घरी नेणार, तो त्यांनी झटकून पुन्हा त्याच खुंटीवर सरळ करून टांगला. "धुतलेलो आसा. ऱ्हवांदे हंयच," ऐसे बोलून वर गेल्या. वकिलांस नारळीभाताचा डबा पाठविला, आणि खुर्ची बरोबर घेऊन जाण्यास सांगितले. गलबत दुपारच्या भरतीस बाहेर पडले, आणि बाईसाहेब जेट्टीवर उभ्या राहून आवाज ऐकत राहिल्या, आवाज दर्यात मिसळून जाईपर्यंत, आणि मग घरी परतल्या.

येणेप्रमाणे हिरव्या पाण्याचे प्रकरण आटोपले. राज्य विकले गेले नाही; उरलेला रंग गलबतावरच संपवावा हा रिवाज कायम राहिला, परंतु डबे त्यातून वगळले; आणि ओतताना डोळे मिटण्याचा रिवाज त्या दिवसापासून बंद जाहला. नारबांच्या मोठ्या डब्यात काय काय मिसळले होते हे अद्याप कोणास सांगता येत नाही, तो डबा तसाच आहे. बाईसाहेबांच्या बोटावरचा निळा रंग साबणाने गेला नाही; घासू का म्हणोन विचारिले तर त्या नको म्हणतात. लिहिणारास ठाऊक तेवढे लिहिले.